अंधार घोड्याचा, कीं पाहणारांचा?

परभाषेंतून एकटा शब्द आला म्हणजे तो लौकर रुळतो. टेबल, स्टेशन, पेन हे शब्द आले, चार पिढ्या राहिले आणि घरचे झाले. वाक्प्रचाराचें तसें नाहीं. तो येतांना आपलें सारें बिऱ्हाड बरोबर आणतो. ज्या समाजांत तो जन्मला त्याचे खेळ, त्याच्या पैजा आणि त्याच्या समजुती. हें बिऱ्हाड उतरवून घेण्यास आपल्या घरांत जागा नसली, तर तो दाराशींच उभा राहतो आणि आपण त्याला भलत्याच पाहुण्याच्या नांवानें हांक मारतों. इंग्रजींतील ‘डार्क हॉर्स’ या वाक्प्रचाराची मराठींत अशीच गत झाली आहे.

निवडणुकींत एखादा अपरिचित उमेदवार पुढें आला, क्रिकेटच्या सामन्यांत उपेक्षित संघानें बाजी मारली, किंवा एखादें पारितोषिक कोणाच्या ध्यानींमनीं नसलेल्या ग्रंथास मिळालें, कीं मराठी लेखणी तीन मार्गांपैकीं एकानें जाते. कोणी ‘डार्क हॉर्स’ असें जसेंच्या तसें लिहितो. कोणी ‘काळा घोडा’ असें त्याचें शब्दशः भाषांतर करतो. आणि कोणी ‘छुपा रुस्तम’ म्हणून मोकळा होतो. वरवर पाहतां हा कोशकारांचा प्रश्न दिसतो. आणि तेवढाच असता तर तो त्यांच्यावर सोपवून स्वस्थ बसतां आलें असतें. परंतु या तीन प्रयोगांत तीन निरनिराळे अभिप्राय आहेत, आणि ज्याच्या यशाविषयीं आपण बोलतों त्याला न्याय मिळतो कीं नाहीं, हें त्यांच्या निवडीवर अवलंबून असतें. म्हणून या वाक्प्रचाराची थोडी चिकित्सा करण्याचें योजिलें आहे.

हा वाक्प्रचार घोड्यांच्या शर्यतींतला. इंग्रजी ‘डार्क’ या शब्दाला रंगाखेरीज दुसराही अर्थ आहे: न दिसणारा, न कळणारा, गुप्त राहिलेला. ज्या घोड्याची चाल, दम आणि मागील कामगिरी पैज लावणारांस ठाऊक नाहीं, तो शर्यतीच्या बाजारांतला ‘डार्क’ घोडा. मग तो रंगानें पांढराशुभ्र असला तरी हरकत नाहीं. ललित वाङ्मयांत या प्रयोगाला प्रसिद्धि मिळाली ती बेंजामिन डिझरेली याच्या ‘द यंग ड्यूक’ या १८३१ सालच्या कादंबरीमुळें. (मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ति त्याच सालची, हा एक गमतीचा योगायोग.) त्या कादंबरींत एका शर्यतीचें वर्णन आहे. ज्या घोड्यांवर साऱ्यांची भिस्त होती ते मागें पडतात, आणि ज्याचा कोणी विचारही केला नव्हता असा एक घोडा प्रेक्षकांच्या सज्ज्यासमोरून विजयी होऊन निघून जातो. या चित्रांतील एक बारीकशी खोंच मात्र सहज नजरेंतून निसटते. कथानायक तरुण ड्यूक यानें आपल्या बेफिकीर स्वभावामुळें यादींत त्या घोड्याचें नांवदेखील पाहिलेलें नसतें. म्हणजे नांव यादींत होतें. वाचणारानें तें वाचलें नव्हतें. आमच्या मतें या वाक्प्रचाराचें सारें मर्म या एवढ्याशा तपशिलांत आहे.

पुढें हा प्रयोग अमेरिकेच्या राजकारणांत गेला आणि तेथेंच त्याला खरें वैभव प्राप्त झालें. तेथील पहिला मोठा ‘डार्क हॉर्स’ म्हणून इतिहासकार ज्याचें नांव घेतात तो जेम्स पोक. १८४४ च्या मे महिन्यांत डेमोक्रॅटिक पक्षाची परिषद बाल्टिमोर येथें भरली. माजी अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन याला पहिल्याच फेरींत निम्म्याहून अधिक मतें पडलीं. परंतु उमेदवारीला दोन-तृतीयांश मतें लागत, तीं त्याला मिळेनात. त्याचा प्रतिस्पर्धी लुइस कॅस यालाही तीं मिळेनात. तेव्हां पहिल्या सात फेऱ्यांत ज्याला एकही मत पडलें नव्हतें तो पोक आठव्या फेरींत पुढें आला आणि नवव्या फेरींत पक्षाचा उमेदवार ठरला. हा पोक आहे तरी कोण, असें विचारून प्रतिपक्षानें त्याची थट्टा आरंभिली. आणि त्याच पोकनें हेन्री क्लेसारख्या मुरब्बी पुढाऱ्याचा पराभव करून अध्यक्षपद मिळविलें.

आतां हा पोक खरोखरच अनोळखी होता काय? तो १८३५ पासून १८३९ पर्यंत अमेरिकन प्रतिनिधिसभेचा सभापति होता. त्यानंतर दोन वर्षें तो टेनेसी राज्याचा गव्हर्नर होता. १८४१ आणि १८४३ अशा दोन वेळां गव्हर्नरपदाची निवडणूक तो हरला होता, आणि त्या परिषदेंतच उपाध्यक्षपदासाठीं त्याचें नांव घेतलें जात होतें. ज्याची सारी कारकीर्द दिवसाढवळ्या लोकांसमोर घडली, त्याला ‘अंधारांतला’ कसें म्हणावें? अंधार होता तो त्या परिषदेंत जमलेल्या मंडळींच्या हिशेबांत. त्यांच्या नजरा दोघांवर खिळल्या होत्या, म्हणून तिसरा दिसत नव्हता. थोडक्यांत, ‘डार्क हॉर्स’ हें विशेषण वरवर घोड्याला लावलेलें असलें तरी तें मोजतें पाहणारांचें अज्ञान. ही त्यांतली उपरोधाची कळ ज्याला सांपडली नाहीं, त्याला हा वाक्प्रचार समजला असें म्हणतां येत नाहीं.

या कसोटीवर आपले मराठी पर्याय लावून पाहूं. ‘काळा घोडा’ हें भाषांतर तर पहिल्याच पावलाला अडखळतें. मराठींत ‘काळा’ या शब्दाला ‘अज्ञात’ हा अर्थ नाहीं. काळें धन, काळा बाजार, काळें कृत्य या प्रयोगांत निंद्यपणा आहे. लपवाछपवी आहे ती त्या निंद्यपणाच्या पोटांत. काळ्या घोड्याची नाल म्हटलें कीं मराठी माणसाला शनीची पीडा आठवते. आणि मुंबईकराला तर ‘काळा घोडा’ म्हणजे एक ठिकाण. पुढें सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेल्या युवराजाचा काळ्या घोड्यावरील पुतळा तेथें १८७९ सालीं उभा राहिला. १९६५ सालीं तो तेथून हलविला, तरी नांव राहिलें तें राहिलेंच. आणि २०१७ सालीं त्याच भागांत पुन्हां एक घोडा बसविण्यांत आला, तो मात्र स्वारावांचून. इतक्या आठवणींनीं लादलेल्या घोड्यावर आणखी एक परकी खोगीर चढविलें, तर तो हलणार कसा? निवडणुकींत काळा घोडा पुढें आला असें वाचून ज्याला इंग्रजी येतें त्याला मूळ शब्द आठवतो, आणि ज्याला येत नाहीं तो उमेदवाराविषयीं कांहीं तरी अभद्र समजून घेतो. ज्या भाषांतराचा अर्थ मूळ भाषा येत असेल तरच लागतो, तें भाषांतर नव्हे.

‘छुपा रुस्तम’ ची गोष्ट निराळी. हा प्रयोग जिवंत आहे, घरोघर चालतो, आणि त्याला वंशही थोर आहे. फिर्दौसीचा ‘शाहनामा’ इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या आरंभीं पूर्ण झाला. त्यांतील महावीर रुस्तम याचें नांव फारसीबरोबर आपल्याकडे आलें आणि पराक्रमाचें दुसरें नांव होऊन बसलें. १६५९ सालच्या डिसेंबरांत शिवाजीमहाराजांनीं कोल्हापुराजवळ ज्याचा पराभव केला तो आदिलशाही सरदार ‘रुस्तुमजमान’ हाच किताब मिरवीत होता. पुढें कुस्तीच्या हौद्यांतही रुस्तमाचें नांव मानाच्या किताबांत शिरलें. अशा या रुस्तमाच्या मागें ‘छुपा’ हें विशेषण लागलें कीं चित्र पुरें होतें: वरून साधा, आंतून बलाढ्य. परीक्षेंत पहिला येऊनही घरीं न सांगणारा मुलगा, किंवा वर्षभर गप्प बसून अचानक गाण्याच्या बैठकींत रंग भरणारे कचेरींतले एखादे हेडक्लार्क, यांना आपण कौतुकानें हेंच नांव देतों. इंग्रजींतही ‘डार्क हॉर्स’ चा असा एक घरगुती उपयोग आहे, आणि तेवढ्यापुरता ‘छुपा रुस्तम’ हा त्याचा निर्दोष पर्याय होय. ज्याच्याविषयीं कौतुकापेक्षां सावधगिरीच अधिक वाटते, त्याच्यासाठीं ‘आतल्या गांठीचा’ हा आपला जुना शब्द आहेच.

परंतु शर्यतीच्या अर्थानें हा पर्याय वापरतांना एक घोटाळा होतो. ‘छुपा रुस्तम’ म्हणतांना तो रुस्तम होता हें आपण गृहीत धरतों. फक्त त्यानें आपलें रूप लपविलें होतें. लपविण्याचें कर्तृत्व त्याचें, आणि न ओळखण्याची जबाबदारीही त्याचीच! ‘शाहनाम्यां’त रुस्तमानें खरोखरच आपलें नांव सोहराबापासून लपविलें, आणि त्या लपविण्याची किंमत स्वतःच्या हातून झालेल्या पुत्रवधानें मोजली. आपला वाक्प्रचार त्याच प्रसंगावरून निघाला असें म्हणण्याचें कारण नाहीं. पण लपणें ही रुस्तमाची स्वतःची करणी, एवढें दोन्हींकडे सारखें आहे. पोकनें काय लपविलें होतें? कांहींच नाहीं. त्याला ‘छुपा’ म्हणणें म्हणजे आपण न पाहिल्याचा दोष त्याच्या माथीं मारणें होय.

हा भेद आपल्याकडे नवा नाहीं. महाभारतकारांनीं तो दोन प्रसंगांत स्पष्ट करून ठेविला आहे. द्रौपदीच्या स्वयंवरांत ब्राह्मणांच्या पंक्तींतून एक तरुण उठतो आणि मोठमोठ्या राजांना न साधलेला लक्ष्यवेध करतो. पांडव लाक्षागृहांत जळून गेले अशी लोकांची समजूत; म्हणून त्या वेषांत अर्जुन आहे हें कोणाच्या स्वप्नींही येत नाहीं. हा खरा छुपा रुस्तम. त्याची विद्या पूर्वींच सिद्ध झालेली आहे. झांकलें आहे तें फक्त नांव. दुसरा प्रसंग राजपुत्रांच्या शस्त्रविद्येच्या परीक्षेचा. तेथें कर्ण येतो, अर्जुनानें केलेलें सर्व करून दाखवितो, आणि वेष पालटण्याची त्याला गरजही वाटत नाहीं. नांव उघड, विद्या उघड, आव्हान उघड. तरीही कृपाचार्य त्याला विचारतात तें कुळ. ज्याचा पराक्रम सर्वांच्या डोळ्यांसमोर झाला, त्याच्याकडे पाहण्याचें टाळण्यासाठीं सभा प्रश्नच बदलते. अर्जुन लपला म्हणून दिसला नाहीं. कर्ण दिसला, पण कोणी पाहिला नाहीं. या दोघांना एकच शब्द लावणारी भाषा पुष्कळ गमावते.

अनपेक्षित यशाचा आणखी एक प्रकार आहे आणि त्याची सरमिसळ तर नेहमींच होते. मुलांच्या खेळांत एखाद्या लहानग्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून घेतात. त्याच्यावर राज्य येत नाहीं, आणि तो जिंकेल अशी कोणाला शंकाही नसते. लिंबूटिंबू अज्ञात नसतो. त्याला सर्वजण ओळखतात, आणि ओळखतात म्हणूनच मोजीत नाहींत. १९८३ सालीं विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय क्रिकेट संघाला पुष्कळजण ‘डार्क हॉर्स’ म्हणतात. वस्तुतः तो संघ जगाच्या दृष्टीनें लिंबूटिंबू होता. १९७५ व १९७९ च्या दोन विश्वचषकांत मिळून तो सहा सामने खेळला होता आणि त्यांतला पूर्व आफ्रिकेविरुद्धचा एकच जिंकला होता. जगानें या आंकड्यांवरून आपलें मत कायम करून टाकलें होतें. पण २५ जून १९८३ रोजीं लॉर्ड्सवर वेस्ट इंडीजचा ४३ धावांनीं पराभव होण्यापूर्वीं त्याच वर्षीं दोन गोष्टी घडल्या होत्या. मार्चमध्यें गयानांतील बर्बीस येथें भारतानें वेस्ट इंडीजला त्यांच्याच भूमीवर हरविलें होतें. आणि जूनमध्यें याच स्पर्धेंतील आपल्या पहिल्या सामन्यांत मँचेस्टर येथें पुन्हां हरविलें होतें. म्हणजे पुरावा दोनदां समोर येऊन गेला होता. जुनें मत मात्र नव्या पुराव्याला बसायला जागा देत नव्हतें. येथेंही नांव यादींत होतें.

या सर्व प्रयोगांना उलट्या बाजूनें छेद देणारी एक म्हण आपल्या भाषेंत आहे: झांकली मूठ सव्वा लाखाची. मुठींत कांहीं नसेल तोंवर ती झांकलेली बरी. उघडली कीं किंमत गेली. अज्ञात घोड्याचें याच्या नेमकें विरुद्ध. त्याची किंमत तो धांवेपर्यंत शून्य असते, आणि धांवल्यावर सव्वा लाखाची होते. या दोन टोकांकडे एकत्र पाहिलें म्हणजे मराठी समाजाच्या व्यवहारज्ञानाची एक मर्यादाही दिसते. झांकलेल्या गोष्टीच्या पोटीं बहुधा पोकळपणाच असावयाचा, असा आपला जुना संशय. तेथें सामर्थ्यही असूं शकेल ही शक्यता सांगणारी तितकीच खमंग म्हण आपण घडविली नाहीं. म्हणूनच या अर्थाला बाहेरून शब्द आणावा लागला.

शिवाय काळाचा एक प्रश्न उरतोच. शर्यत संपल्यावर सगळेच शहाणे होतात आणि विजयी घोड्याला ‘डार्क हॉर्स’ ठरवून आपल्या चुकलेल्या अंदाजाला एक रुबाबदार नांव देतात. उलट, शर्यतीपूर्वीं वृत्तपत्रांत ‘या स्पर्धेंतील पांच डार्क हॉर्स’ अशी यादी छापली जाते, ती तर स्वतःचाच निषेध करते. ज्याच्यावर छापील बोट ठेविलें तो अज्ञात कसला? या शब्दाचा प्रामाणिक उपयोग फार अरुंद जागेंत आहे. तो करणाऱ्यानें मनांत म्हणावें, ‘मी यादी पुरती वाचलेली नाहीं.’

हें म्हणणें किती महत्त्वाचें आहे तें खाशाबा जाधव यांच्या उदाहरणावरून दिसतें. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ सालीं हेलसिंकी येथें बँटमवेट गटांत ब्राँझपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताला वैयक्तिक स्पर्धेंत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. पुढचें मिळण्यास १९९६ साल उजाडावें लागलें; मध्यें ४४ वर्षें गेलीं. अशा यशाला अनपेक्षित म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. परंतु १९४८ सालीं लंडन येथें हेच खाशाबा फ्लायवेट गटांत सहावे आले होते. मातींत वाढलेला पैलवान परक्या गादीवर, परक्या नियमांनीं लढून जगांत सहावा येतो, हें चार वर्षें अगोदर छापून आलेलें वर्तमान होतें. तें ज्यांनीं नीट वाचलें असतें त्यांना हेलसिंकीचें यश आनंदाचें वाटलें असतें, नवलाचें वाटलें नसतें. प्रत्यक्षांत हेलसिंकीच्या प्रवासाला लागणाऱ्या पैशासाठीं त्यांना दारोदार वर्गणी गोळा करावी लागली. ‘अनपेक्षित’ हा शब्द येथें निरुपद्रवी राहत नाहीं. ज्याच्याकडून अपेक्षाच नाहीं त्याला तालीम, पैसा, प्रवास यांपैकीं कांहींच वेळेवर मिळत नाहीं. आणि तो तरीही जिंकला तर आपण टाळ्या वाजवून त्या उपेक्षेचा हिशेब मिटवून टाकतों. गांवानें बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक काढली, तो खरा मान होता. कारण त्या गांवाला आपला गडी ठाऊक होता.

साहित्याच्या प्रांतांत तर या वाक्प्रचाराची मर्यादाच येऊन ठेपते. बहिणाबाई चौधरी १९५१ च्या डिसेंबरांत वारल्या आणि १९५२ सालीं त्यांचीं गाणीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. अक्षरशत्रु खानदेशी शेतकरी बाई. पुत्र सोपानदेव यांनीं जपून ठेवलेलें तें धन आचार्य अत्र्यांच्या पुढें आलें, आणि मराठी वाचकवर्ग थक्क झाला. त्यांनाही कोणी ‘डार्क हॉर्स’ म्हणेल, ‘छुपा रुस्तम’ म्हणेल. आमच्या मतें दोन्ही शब्द येथें अप्रयोजक आहेत. बहिणाबाई कोणत्याही शर्यतींत उतरल्या नव्हत्या. जात्यावर आणि शेतांत गाणाऱ्या बाईला कवींच्या यादींत आपलें नांव कितवें हा प्रश्नच नव्हता. त्यांनीं कांहीं लपविलेंही नव्हतें. शेजारपाजारच्या बायकांनीं तीं गाणीं ऐकलीं असतीलच. नव्हते ऐकत ते आपण, पुस्तकांतूनच कविता येते असें मानणारे. शर्यतीचा शब्द वापरला कीं आपण त्यांना आपल्या मैदानांत ओढून आणतों आणि पहिला क्रमांक देऊन उपकार केल्याचें समाधान मानतों. जेथें स्पर्धा नाहीं तेथें घोडाही नाहीं. तेथें ‘आम्हांला ठाऊक नव्हतें’ एवढें सरळ वाक्यच पुरेसें, आणि तेंच अधिक नम्र.

तेव्हां निर्णय काय करावयाचा? ‘काळा घोडा’ हा प्रयोग टाकून द्यावा. त्यानें अर्थही होत नाहीं आणि शोभाही होत नाहीं. ज्यानें स्वतः आपले गुण झांकून ठेविले त्याला खुशाल ‘छुपा रुस्तम’ म्हणावें. जो दुबळा म्हणून सर्वांस ठाऊक होता आणि तरीही जिंकला, त्याच्यासाठीं ‘लिंबूटिंबू ठरविलेला’ हा आपला शब्द पुरेसा बोलका आहे. आणि ज्याच्याकडे कोणीं लक्षच दिलें नाहीं, त्याच्याविषयीं लिहितांना परकी ‘डार्क हॉर्स’ ठेवावयाचा असेल तर ठेवावा; भाषेला त्यानें बाट लागत नाहीं. परंतु शक्य तेथें ‘ज्याच्याकडे आमचें लक्ष गेलें नव्हतें असा’ असें सरळ मराठींत लिहावें. वाक्य चार शब्दांनीं लांबेल, हें खरें. पण त्या चार शब्दांत ‘आमचें’ हा शब्द येतो, आणि तोच या वाक्प्रचारांत बहुधा गाळला जातो.

भाषेची शुद्धि केवळ परके शब्द निवडून बाहेर काढल्यानें होत नाहीं. कोणता दोष कोणाच्या पदरीं घालावयाचा हें शब्दाशब्दांत तपासल्यानें ती अधिक होते. समीक्षकाला तर हा नियम विशेषच लागू आहे, कारण यादी वाचणें हेंच त्याचें काम. नव्या लेखकाचा ग्रंथ एकाएकीं गाजला म्हणजे तो अंधारांतून आला असें लिहिण्यापूर्वीं त्यानें आपल्या मेजावरील न उघडलेल्या पुस्तकांचा गठ्ठा एकदां पाहून घ्यावा.